शादियाबादचे पाणी

मांडू म्हटले की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक बाज बहादूर आणि रूपमतीच्या प्रेमाची, दुसरी सुलतान गियासुद्दीन खिलजीच्या जनानखान्यातल्या पंधरा हजार स्त्रियांची. गडावर गाइडने मलाही याच दोन गोष्टी ऐकवल्या. “या सुलतानांना ऐश करण्याशिवाय दुसरे कामच काय होते?” गर्दीतून कुणीतरी म्हणाले आणि बाकीचे हसले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधतच मी पुढचे दोन दिवस मांडू पाहिले.

धारच्या दक्षिणेला सुमारे 35 किलोमीटरवर विंध्य पर्वताच्या कडेला हे पठार आहे. काकडा खोह नावाची खोल दरी त्याला माळव्यापासून तोडते, तर दक्षिणेचा कडा थेट निमाडात उतरतो. परमारांच्या काळातही इथे किल्ला होता. पंधराव्या शतकात होशंगशाह घोरीने राजधानी धारहून इथे आणली. या शहराला शादियाबाद म्हणजे आनंदनगरी म्हणत.

जागा शत्रूला अवघड, पण राहणाऱ्यांनाही सोपी नव्हती. वर नदी नाही. पाऊस चार महिने पडतो, बाकीचे आठ महिने त्याच साठ्यावर काढायचे. म्हणून मांडूत जिकडे पाहाल तिकडे तलाव, कुंड आणि बावड्या दिसतात. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध सुमारे 120 मीटर लांबीचा जहाज महाल उभा आहे. त्याच्या पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी काही ठिकाणी गोगलगायीच्या शंखासारख्या वळत जातात. वळणांवर पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ मागे राहतो. लोक तिथे फोटो काढतात. मला मात्र ते बांधणारे कारागीर आठवत राहिले. रेवा कुंडाचे पाणी उचलून जवळच्या महालात नेण्याची सोय होती, तिचे अवशेष आजही दिसतात.

त्या महालाला आज बाज बहादूरचा महाल म्हणतात. पण त्यावरचा शिलालेख तो नासिरुद्दीन खिलजीच्या काळात, 1508-09 च्या सुमारास बांधल्याचे सांगतो. म्हणजे बाज बहादूर गादीवर येण्याआधी जवळपास अर्धशतक. रूपमतीचा मंडपही मुळात टेहळणीची चौकी होता. प्रेमकथेने पहारेकऱ्यांची जागा घेतली.

गियासुद्दीनचे तसेच झाले. त्याने 1469 ते 1500 अशी एकतीस वर्षे राज्य केले. त्याच्या दरबारातला ‘निमतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ नासिरुद्दीनच्या काळात पूर्ण झाला. त्यात समोशांच्या कृती आहेत, अत्तरे आणि औषधेही आहेत. त्याच्या वडिलांनी, महमूद खिलजीने, मांडूत दवाखाना उभारला होता. जैन कल्पसूत्राची 1439 सालची प्रसिद्ध सचित्र प्रत याच शहरात तयार झाली. सुलतानाची राजधानी, फारसी दरबार आणि जैन पोथी, हे सगळे एकाच डोंगरावर. हे कुठल्याच गाइडच्या तोंडी नसते.

पंधरा हजारांची गोष्ट जहांगीरनेही आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. तो 1617 मध्ये मांडूत येऊन काही महिने राहिला. नासिरुद्दीनने बापाला विष दिले म्हणून त्याची कबर उकरून हाडे नर्मदेत टाकायला लावल्याचेही तो लिहितो. स्वतः अकबराविरुद्ध बंड केलेल्या मुलाचा हा न्याय!

जहांगीरचा तो मुक्काम केवळ हवापालटाचा नव्हता. शहजादा खुर्रम तेव्हा दख्खनेत मलिक अंबरच्या निजामशाहीशी लढत होता आणि बादशहाला त्याच्या पाठीशी जवळ राहायचे होते. मोहीम आटोपून खुर्रम मांडूला परतला, तेव्हा ऑक्टोबर 1617 मध्ये त्याला शाहजहान हा किताब मिळाला. विलासाची म्हणून ओळखली जाणारी जागा त्या वर्षी आपल्या महाराष्ट्राविरुद्धच्या मोहिमेची पिछाडी होती. आणि ज्याच्याविरुद्ध ही मोहीम होती, त्या मलिक अंबरने खडकी, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला नहरीने पाणी आणले.

सुलतान संत नव्हते. जनानखाना होता, सत्तेसाठी भाऊबंदकी होती, लढायांत माणसे मरत होती. ते झाकायचे कारण नाही. पण विलास तेवढा लक्षात ठेवायचा आणि पाणी विसरायचे, हा इतिहास नव्हे. आपल्यातले काहीजण उलट बाजूने तेच करतात. महाल आणि घुमट पाहून छाती फुगवतात, पण ते शहर चालत कसे होते हे विचारत नाहीत. टिंगल करणारा आणि फुशारकी मारणारा, दोघांची नजर गादीवरच असते.

तुम्ही मांडूला जाल तर पावसाळ्याच्या शेवटी जा. तलाव भरलेले असतात. बाजारात खुरासानी इमली, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेची फळे मिळतात. गाइडची गोष्ट ऐका, ती सुंदर आहे. मग त्याला विचारा, या डोंगरावर एवढी माणसे उन्हाळ्यात पाणी कुठून पीत होती?