उजवा हात कोणता?

पंचवटी गोदावरीच्या डाव्या तीरावर, हे नाशिककरांना ठाऊक. पण रामकुंडापाशी उगमाकडे तोंड करा; तीच उजव्या हाताला येते! पुराच्या रात्री असा घोळ परवडत नाही. म्हणून नदी वाहते तिकडे पाहूनच तीर सांगायचा, असा संकेत आहे. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवाही; सूर्योदयाकडे तोंड केले की उजवीकडची ती दक्षिण. गणितातही हाच पेच. लांबी, रुंदी, उंचीचे अक्ष दोन तऱ्हांनी मांडता येतात. एक बिंब, दुसरे आरशातले प्रतिबिंब. कितीही फिरवा, जुळत नाहीत. १८७३ च्या वीज-चुंबकत्वावरील ग्रंथात मॅक्सवेलने उजवी तऱ्हा पत्करली. आज तीच रूढ आहे. वाचकहो, उजव्या हाताची बोटे पूर्वेकडून उत्तरेकडे वळवा. ताठ अंगठा आकाश दाखवील.