कारवानी कुत्रं आणि कॅरव्हॅनमधलं कुत्रं

'कारवान' हा मूळ फारसी शब्द. वाटेनं एकत्र चाललेला तांडा असा त्याचा अर्थ. तो इंग्रजीत गेला आणि बऱ्याच वर्षांनी 'कॅरव्हॅन' होऊन, म्हणजे चाकांवरचं घर बनून, आपल्याकडे परत आला. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आमच्या धाराशिवच्या घरी धोरणबिरण कुणी वाचलेलं नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाबांनी एक जुनी व्हॅन घेतली, मागच्या सीटा काढून तिथे गादी, शेगडी आणि पाण्याचा कॅन बसवला. आता दोघांचं म्हणणं असं की सोबत एक लहानसं कुत्रं हवं. कुठली ब्रीड, ते मी नेटवर बघून सांगायचं. इंजिनिअर मुलाचा घरात एवढाच उपयोग!

नेटवर याद्या ढिगानं आहेत, पण सगळ्या अमेरिकेतल्या आजी-आजोबांसाठी. मेमधल्या मराठवाड्याला त्यांचा काय उपयोग? म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. आपल्याकडे गाडीत कुत्रं घेऊन फिरायची पद्धत किती जुनी आहे?

बरीच जुनी आहे. १९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला (आताचा अहिल्यानगर जिल्हा) चार वजनदार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक बैलांची गाडी. गाडी ४५ सेंटिमीटर लांब आहे, दोन बैल जुंपलेत आणि एक माणूस उभ्यानं हाकतोय. त्याच्या पुढ्यात, गाडीच्या लांब दांडीवर, एक कुत्रं उभं आहे! बरेच अभ्यासक या वस्तू साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात, काळावरून त्यांच्यात वाद आहेत. मला त्या वादापेक्षा कुत्र्याची जागा महत्त्वाची वाटते. घडवणाऱ्यानं ते गाडीमागे पळताना दाखवलेलं नाही. ते गाडीवर, पुढे, मालकाच्या नजरेसमोर आहे.

आमचा जिल्हाही गाड्यांच्या वाटेवरचा. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक टिपणात ते पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं सांगितलंय, आणि तिथला माल गाड्यांवर लादून धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जातो असंही. त्यात कुत्र्यांचा उल्लेख नाही. पण माल उघड्यावर ठेवून रात्री झोपणारा व्यापारी कुत्र्याशिवाय निवांत झोपत असेल, असं मला तरी वाटत नाही.

पुढे हे काम लमाणांनी केलं. शेकडो-हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून त्यांचे तांडे दख्खनभर फिरायचे. फौज मोगलांची असो, मराठ्यांची असो की इंग्रजांची, दाणागोटा तेच पोचवायचे. रेल्वे आली आणि धंदा बसला. तळ पडला की राखण कुत्र्यांची. धनगरांचंही तसंच. पावसाळा संपला की मेंढरं, घोड्यांवर बिऱ्हाड आणि बरोबर कुत्री, असे वाडे घाटाखाली कोकणाकडे निघतात. उंच, बारीक कमरेच्या, लांब तोंडाच्या कुत्र्याला 'कारवानी' नाव पडलं ते याच कारवानांवरून. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि त्यातली जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, म्हणून तिला 'मुधोळ हाउंड' असंही म्हणतात.

म्हणजे कॅरव्हॅनला शब्दशः योग्य कुत्रं कारवानीच. पण त्याला मोकळं रान लागतं, आणि बासष्ट वर्षांचे बाबा त्याच्यामागे पळताहेत हे चित्र काही डोळ्यासमोर येत नाही. तेव्हा ते बाद.

आपले देवसुद्धा या बाबतीत हौशी. दत्तगुरू स्नानाला काशी, भिक्षेला कोल्हापूर आणि निद्रेला माहूर असा रोजचा दौरा करतात, सोबत चार कुत्री. खंडोबाचं कुत्रं तर प्रसिद्धच. आमच्या जिल्ह्यातला खंडोबा स्वतःच फिरता आहे: देवळं दोन, मूर्ती एक, वर्षातला थोडा काळ नळदुर्गला आणि बाकीचा अणदूरला. आणि सगळी कामं आटोपल्यावर कुत्र्यासह लांबच्या प्रवासाला निघालेलं पहिलं रिटायर्ड कुटुंब म्हणजे पांडव. (त्या ट्रिपचा शेवट आईला आठवून देऊ नये.)

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कुत्रं दिसण्यावरून निवडलेलं नाही. जे चाललं, जागं राहिलं आणि ज्याला ऊन सोसलं, तेच टिकलं.

मांडीवरचं छोटं कुत्रं ही गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. राणी व्हिक्टोरियानं १८८८ साली फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोटा पॉमेरेनियन आणला आणि इंग्लंडात छोट्या पॉमची फॅशन आली. मूळ जात बरीच मोठी होती. आपल्याकडे ज्याला सगळे 'पामेरियन' म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, त्याच घराण्यातला पण इथे पिढ्यानपिढ्या रुळलेला. १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मध्ये त्याच जातीच्या टफीनं क्रिकेटच्या मॅचला अंपायरिंग केलं, आणि मग काय, गल्लीगल्लीत टफी. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग गोव्यातल्या वाटांवरून एका मुलाच्या मागे मागे फिरला. नेटवर्क तुमच्या मागे येतं, हे सांगायला. आमच्या पिढीनं ती जाहिरात शाळेत असताना पाहिलीय, त्यामुळे पग दिसला की आपण विरघळतो. कुत्र्याची निवड पोरीच्या फोटोसारखी चित्र बघून व्हायला लागली ती इथून, असं माझं मत.

आईला पगच हवा आहे.

आता पगचा इंजिनिअरिंग प्रॉब्लेम बघा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकायच्या, जिभेवरचं आणि नाकातलं पाणी उडवायचं, हीच त्याची कूलिंग सिस्टीम. लांब नाक म्हणजे मोठा रेडिएटर. पगचं नाक माणसानं पिढ्यानपिढ्या निवडून चपटं केलं, पण आतलं मांस तेवढ्या प्रमाणात कमी झालं नाही. त्यामुळे हवेची वाट अरुंद, आणि आपल्याला गोड वाटणारं ते घोरणं म्हणजे श्वासासाठीची धडपड. हेच शिह त्झूलाही कमीजास्त लागू आहे. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून फार आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कायद्यानं बंधनं आहेत.

शिवाय गाडी. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसनं वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. आमच्याकडे बाहेरच चाळीस असतात. गल्लीतल्या एका काकांचा पग गेल्या मे महिन्यात असाच गेला. तुळजापूरला दर्शनाची रांग लांबली, काच चार बोटं उघडी ठेवली होती, पण नाही भागलं. काका अजून त्याबद्दल बोलत नाहीत.

गंमत म्हणजे धाराशिवला ब्रीड कळत नाही असं नाही. उस्मानाबादी शेळी देशभर नाव कमावून आहे. शहर-जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळी अजून उस्मानाबादीच! ती घेताना कुणी फोटो बघतं का? दात बघतात, कास बघतात, जुळी देते का विचारतात, कोरड्या चाऱ्यावर कशी राहते ते बघतात. तीच माणसं कुत्रं घ्यायचं म्हटलं की जाहिरात बघतात.

शेळीचा हिशोब कुत्र्याला लावला तर उत्तर फार अवघड नाही. नाक लांब हवं. वजन इतकंच की आईला उचलून गाडीत ठेवता येईल. छोटा स्पिट्झ ५ ते ७ किलोंचा असतो. डॅशहंड वजनात बसतो, पण त्याची पाठ लांब आणि व्हॅनमधून सारख्या उड्या, म्हणजे मणक्याचं दुखणं ठरलेलं. स्पिट्झला केस दाट, तेव्हा दुपारी बारा ते चार प्रवास बंद, सावलीत मुक्काम. तसंही तांडे काही भर उन्हात चालत नसत. नाहीतर सरळ लहान चणीचं गावठी घ्यावं. इथल्या उन्हात टिकायची परीक्षा त्याच्या वाडवडिलांनी कधीच दिलेली आहे.

वयाचा विषय मात्र फोनवर काढायला जड गेला. लहान कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. पिल्लू घेतलं तर ते म्हातारं होईल तेव्हा बाबा पंचाहत्तरीत असतील. म्हणून मी म्हटलं, चार-पाच वर्षांचं, स्वभाव ठरलेलं कुत्रं घ्या. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि आमच्या आधी नाही गेलं तर? तू ठेवशील का पुण्यात?"

ठेवीन म्हटलं. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुत्र्यांना बंदी आहे आणि मी सातव्या मजल्यावर राहतो, पण ते नंतर बघू. या शनिवारी धाराशिवला जातोय. बाबांनी दोन स्पिट्झ आणि एक तांबडं गावठी बघून ठेवलंय. आई अजून पगवर आहे.