खर्ड्याच्या पलटणी, वऱ्हाडाचा कापूस

शाळेत खर्ड्याची लढाई एका ओळीत संपते: १७९५ साली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. आम्हा बीडकरांना ती ओळ जरा जवळची वाटायची. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे, पण तो आमच्या पाटोद्याला लागूनच. निजाम अलीची फौज बिदरहून निघाली ती मांजरेच्या काठाने वर आली आणि मोहरीचा घाट उतरून खर्ड्याकडे वळली. मांजरा उगम पावते पाटोदा तालुक्यात. म्हणजे ती फौज आमच्या अंगणातूनच गेली म्हणायची.

त्या एका ओळीत न येणारी गोष्ट अशी की त्या दिवशी बालाघाटाच्या कुशीत दोन फ्रेंच माणसं एकमेकांवर तोफा डागत होती. निजामाकडे रेमंड, शिंद्यांकडे पेराँ. होळकरांच्या पलटणींवरही एक फ्रेंचच होता, द्युद्रनेक. रेमंडच्या शिपायांसोबत फ्रेंच क्रांतीचा तिरंगा असायचा. राजाचं डोकं उडवणाऱ्या क्रांतीचा झेंडा, आणि पगार निजामाचा! इतिहासाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

हे परदेशी लोक इथे आले कसे, हे समजायला थोडं तंत्रज्ञान बघावं लागेल. (मी इंजिनिअर आहे, एवढी सूट द्या.) त्या काळची चकमकीची बंदूक एकट्याने चालवली तर जवळजवळ निकामी. नेम धड लागत नाही, आणि एक गोळी उडवून दुसरी भरेपर्यंत घोडेस्वार अंगावर येतो. पण शेकडो माणसं खांद्याला खांदा लावून रांगेत उभी केली, एकाच हुकमावर बार काढायला शिकवली, पहिली रांग भरते तोवर दुसरीने झाडायचं असं अंगवळणी पाडलं, तर त्याच बंदुकीपुढे उत्तम घोडदळ कोलमडतं. खरी ताकद बंदुकीत नव्हती, कवायतीत होती. आणि कवायत बाजारात विकत मिळत नाही. ती शिकवणारा माणूस आणावा लागतो, शिपायांना बाराही महिने पगार द्यावा लागतो. पेरणीला घरी आणि दसऱ्याला मोहिमेवर, हा जुना हिशेब इथे चालत नाही.

या खर्चिक वस्तूचं दख्खनमधलं पहिलं मोठं गिऱ्हाईक हैदराबादच. १७५० च्या दशकात फ्रेंच सेनानी बुसी तिथे पलटणी घेऊन बसला होता. त्याच्या फौजेच्या पगारासाठी निजामाने १७५३ साली किनाऱ्यावरचे उत्तर सरकार नावाचे सुपीक जिल्हेच लावून दिले. पानिपतावर आपल्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदी याच बुसीच्या हाताखाली तयार झालेला. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी तो धडा मनावर घेतला आणि सव्हॉयच्या डी बॉयनला नोकरीत घेऊन कवायती कंपू उभे केले. डी बॉयनलाही खर्चासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख तोडून दिला. शिकवणारा परका, शिपाई इथला, आणि पगारासाठी जमीन. हा नमुना लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

११ मार्च १७९५. रेमंडच्या पलटणी लढल्या चांगल्या. निजामाचं घोडदळ पुढे सरसावलं तेव्हा मात्र नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या बाणांनी आणि टेकाडावर नेमक्या जागी लावलेल्या पेराँच्या तोफांनी त्याची दाणादाण उडवली. तरीही लढाई त्या क्षणी हरलेली नव्हती. निजामाचा जनाना छावणीत होता, तिथे घबराट पसरली, निजामाने रेमंडला मागे बोलावलं आणि रात्रीच्या गोंधळात सगळी फौज खर्ड्याच्या किल्ल्याच्या आसऱ्याला गेली. तिथे मराठ्यांनी कोंडलं, पाणी मिळेना, आणि शेवटी तह झाला. दौलताबादसह मुलूख, सुमारे तीन कोटी रुपये, आणि दिवाण मुशीरुल्मुल्क ओलीस म्हणून पुण्याला. जगातलं उत्तम प्रशिक्षण घेतलेली फौज होती, पण हुकूम देणारा घाबरला तर कवायत काय करणार?

त्या लढाईत एक तिसरीही फौज होती, न लढलेली. निजामाच्या चाकरीत इंग्रज कंपनीच्या दोन पलटणी होत्या, त्यांचा खर्च निजामच करायचा. पण गव्हर्नर जनरल जॉन शोरने कळवलं की या पलटणी मराठ्यांविरुद्ध वापरता येणार नाहीत. निजाम चिडला, त्याने त्या परत पाठवल्या आणि रेमंडची फौज वाढवली. माझ्या मते अख्ख्या खर्डा प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. आपण भाडं भरतोय, पण वापरायचं कधी हे दुसरा ठरवतोय. आमच्या धंद्यात ज्याला सबस्क्रिप्शन म्हणतात, त्याच्या अटी वाचायची सवय लागलेल्या माणसाला हे लगेच ओळखू येतं.

मराठ्यांचा विजयही फार टिकला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले, पुण्यात भाऊबंदकी सुरू झाली, आणि खर्ड्याला मिळवलेलं बरंचसं परत गेलं. मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला. हैदराबादचे लोक त्याला मुसा राम म्हणायचे, मुसारामबाग हे नाव तिथे आजही आहे. तो गेल्यावर काही महिन्यांतच, १ सप्टेंबरला, निजामाने वेलस्लीशी तह केला: कंपनीच्या सहा पलटणींची तैनाती फौज हैदराबादेत राहणार, वर्षाला २४,१७,१०० रुपये निजाम देणार, आणि फ्रेंचांची फौज मोडणार. २२ ऑक्टोबरला ती मोडली. पगार थकलेले शिपाई आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांवर उलटले होते, इंग्रजांनी थकबाकी देण्याचा शब्द दिला आणि हजारो कवायती शिपायांनी लढाई न करता हत्यारं खाली ठेवली. दोन वर्षांनी रोख रकमेची कटकट नको म्हणून निजामाने म्हैसूरकडून मिळालेले बेल्लारी, कडप्पाकडचे जिल्हे कंपनीला कायमचे देऊन टाकले.

शिंद्यांची गत याहून वेगळी नाही. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा शिंद्यांकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांना कंपनीने जाहीरनामा काढून फोडलं, आणि पेराँ स्वतःच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या पलटणी आणि गोलंदाज मात्र हटले नाहीत. कंपनीचे चारशेहून जास्त लोक मेले, हजाराहून जास्त जखमी झाले. शिपाई तेच, कवायत तीच. पण वरचा करार ज्याच्या हातात होता त्याने पाठ फिरवलेली.

इथपर्यंत गोष्ट राजांची आहे. आता ती बीडमध्ये येते.

हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्याच खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणखी एक फौज उभी केली. हीच पुढची हैदराबाद कंटिंजंट. कंपनीशी झालेल्या कोणत्याही तहात शांततेच्या काळात अशी फौज पोसायचं बंधन निजामावर नव्हतं. तरी ती राहिली आणि फुगली, खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात गेला. तिजोरी रिकामी, म्हणून विल्यम पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज. दिवाण चंदूलालच्या काळात वसुलीचे मक्ते दिले जायचे आणि मक्तेदार रयतेकडून काढता येईल तेवढं काढायचे. पलटणींच्या पगाराचा शेवटचा पैसा ज्वारीच्या शेतातूनच येत होता.

ही फौज लढली कुणाशी? १८१८ साली बीड भागात धर्माजी प्रतापराव यांनी निजामाविरुद्ध बंड केलं. ते मोडायला लेफ्टनंट जॉन सदरलँडच्या हुकमतीखाली रिसाला आला आणि धर्माजी पकडले गेले. बाहेरच्या शत्रूसाठी म्हणून आणलेली कवायत आधी घरातल्याच माणसांवर चालते, हे जगभर दिसतं, आमच्याकडेही दिसलं. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. तिथे कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. योगेश्वरीच्या दर्शनाला जाणाऱ्या कितीजणांना माहीत असेल की या गावात एकेकाळी लॅन्सर्सचे घोडे बांधलेले असायचे?

मग बिल आलं. कंटिंजंटच्या पगारापोटी कंपनीने उसने दिलेले पैसे साचत गेले, आणि २१ मे १८५३ ला डलहौसीने तहावर सही करून घेतली. कंटिंजंटच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडचा भाग कंपनीच्या ताब्यात. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि वऱ्हाडची काळी जमीन कापसाची, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. पाच वर्षांनी हीच कंटिंजंट ह्यू रोजच्या फौजेत झाशीच्या वेढ्यात होती. ज्या कापसातून तिचा पगार निघत होता तो पिकवणाऱ्यांना झाशीशी काय वैर होतं? या निष्ठेबद्दल १८६० साली इंग्रजांनी पन्नास लाखांचं कर्ज माफ केलं, रायचूर आणि धाराशिव परत दिलं. वऱ्हाड ठेवून घेतलं. १९०२ साली कर्झनने ते वर्षाला २५ लाखांवर कायमचं भाडेपट्ट्याने घेतलं.

३० एप्रिल २०२५ ला अमेरिका आणि युक्रेनने खनिजांबाबतच्या करारावर सह्या केल्या, तेव्हा मला पहिल्यांदा वऱ्हाड आठवलं. तुलना ताणू नये. युक्रेनवर रशियाने हल्ला केला आहे, मदत त्यांनी स्वतः मागितली आहे, ब्रिटनने पन्नास हजारांहून जास्त युक्रेनी लोकांना शिकवलं ते त्यांच्याच सेनापतींच्या हाताखाली लढतात, आणि आधी दिलेली मदत त्या करारात कर्ज म्हणून धरलेली नाही. निजामाला यातलं काहीच जमलं नव्हतं. तरी पुढे येणारी शस्त्रं अमेरिकेचं भांडवल म्हणून मोजता येतील हे कलम वाचताना, आणि त्याआधी मार्चमध्ये अमेरिकेने काही दिवस मदत आणि गुप्त माहिती थांबवली ही बातमी वाचताना, जॉन शोरचं ते पत्र डोळ्यांपुढून जाईना. मदत घेऊ नये असं मी म्हणत नाही. घरात शत्रू शिरला असताना तत्त्वज्ञान सांगणं सोपं असतं, तेही पुण्यात एसीत बसून. पण बटण कुणाच्या हातात आणि हप्ता कशात, हे दोन प्रश्न कीव्हमध्ये कुणीतरी रोज विचारत असणार.

हैदराबादने मात्र शेवटपर्यंत बाहेरूनच हत्यारं शोधली. १९४८ साली सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमानं भरून बिदर आणि वरंगळला शस्त्रं उतरवत होता. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. बीड भारतात आलं.

कंटिंजंटचे घोडे तोवर केव्हाच दुसरीकडे गेले होते. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या भारतीय सैन्यात विलीन झाली आणि तिच्या घोडदळातून डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट पुढे आली. १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत, फ्रान्समधल्या हाय वूडजवळ, तिने भाले घेऊन दौड मारली. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला हीच डेक्कन हॉर्स स्वतंत्र भारताकडून लढली. समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे होते, अमेरिकेने लष्करी मदत म्हणून दिलेले. डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन होते, तेही मूळचे अमेरिकनच. युद्ध पेटल्यावर अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा बंद केला. असल उत्तरच्या उसाच्या आणि पाणी सोडलेल्या शेतांत इतके पॅटन अडकले आणि फुटले की ते ओळीने उभे करून ठेवलेल्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले.