'फेल' शब्दाची वाटचाल

माऊली, शाळेच्या निकालाला घरोघरी ऐकू येणारा 'फेल' हा शब्द आला कुठून, ते पाहू. लॅटिन भाषेत 'फालेरे' म्हणजे फसविणे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत उतरला, तेव्हा अर्थ झाला चुकणे, उणे पडणे. नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ च्या अमेरिकी कोशात 'फेल्युअर'चे अर्थ असे : पाऊस न पडणे, पीक बुडणे, वचन न पाळणे, नजर मंदावणे, व्यापाऱ्याचे दिवाळे निघणे. माणसालाच 'फेल्युअर' म्हणावे, हा अर्थ तेथे नाही. तो पुढे रूढ झाला. घडल्या गोष्टीचे नाव माणसाला चिकटले. पीक बुडाले तरी शेतकरी पुन्हा पेरतोच ना? तेव्हा लेकराचे गणित राहिले, तर गणित राहिले एवढेच म्हणा. त्या शब्दाने लेकराला हाक मारू नका.

राम कृष्ण हरी.