अप्रीती, बहिष्कार आणि होमरूल

बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागले, की टिळकवाडी, उद्यमबाग आणि पिरनवाडी मागे टाकल्यावर मच्छे हे गाव लागते. भाताची शेते, कारखान्यांची वसाहत आणि १९९८ साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ या तिन्ही गोष्टी या गावाच्या पंचक्रोशीत शेजारी शेजारी नांदतात. घरात मराठी, सरकारी कचेरीत कानडी आणि विद्यापीठाच्या वर्गात इंग्रजी, असा येथील दिवस तीन भाषांत विभागलेला असतो. हलगा-मच्छे बायपासचा वाद सुरू झाला, तेव्हा 'झिरो पॉइंट' हा शब्द येथील शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. रस्त्याचे मोजमाप नेमके कोठून धरावयाचे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण त्या अर्थावर कोणाची पिकाऊ जमीन राहणार आणि कोणाची जाणार हे अवलंबून होते, आणि म्हणून तो अर्थ न्यायालयात जाऊन पोहोचला. परक्या भाषेतील शब्दाचा अर्थ नीट कळणे ही केवळ परीक्षेतील गुणांची बाब नव्हे, हे या शेतकऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

इंग्रजी शिकणाऱ्याला पहिली ठेच लागते ती व्याकरणाची नव्हे, तर वाक्प्रचारांची. सुटे शब्द कोशात सापडतात; ते एकत्र आले म्हणजे कोश मुका होतो. एखाद्यास 'कॉव्हेंट्रीस पाठविले' असे इंग्रज म्हणतो, तेव्हा त्या माणसाने गाडीचे तिकीट काढलेले नसते. त्याच्याशी सर्वांनी बोलणे टाकलेले असते. मराठी माणसाला हे एका शब्दात कळते, कारण 'वाळीत टाकणे' त्याच्या गावात कालपरवापर्यंत घडत होते. उलट, काही परके वाक्प्रचार मराठीत इतके मुरले की त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण आजीच्या तोंडी शोभते. परंतु ती इसापाची आहे, आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली त्या काळापासून ती आपल्याकडे रुळली. ज्या गावात द्राक्षाचा वेल कोणी पाहिला नव्हता, तेथेही कोल्ह्याने ती आंबट ठरविली!

पण म्हणींचा हा प्रवास निरुपद्रवी म्हणावयाचा. बेळगावच्या इतिहासात तीन इंग्रजी शब्द असे येतात, की ज्यांच्या अर्थासाठी माणसांना तुरुंगाची वाट धरावी लागली.

त्यांपैकी 'बॉयकॉट' हा मुळात शब्दच नव्हे, ते एका माणसाचे आडनाव. आयर्लंडमधील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी १८८० साली कुळांनी सर्व व्यवहार तोडले. त्याचे पीक कोणी कापीना, त्याला कोणी माल विकीना. या शस्त्राला नाव काय द्यावे असा प्रश्न निघाला, तेव्हा जॉन ओमॅली या स्थानिक धर्मगुरूने असे सुचविले म्हणतात, की विद्वानांचा ग्रीक वळणाचा शब्द शेतकऱ्यांना समजावयाचा नाही. त्यापेक्षा बॉयकॉटचेच क्रियापद करावे. पंचवीस वर्षांनी, १९०५ साली, वंगभंगाच्या चळवळीत तो शब्द हिंदुस्थानात आला. लोकमान्य टिळकांनी त्याला 'बहिष्कार' या जुन्या भांड्यात ओतले, आणि स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण व स्वराज्य यांच्या जोडीने तो चतुःसूत्रीत जाऊन बसला.

येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. आयर्लंडात दुर्बळांनी प्रबळाला बाहेर टाकले. मराठीतला 'बहिष्कार' मात्र जातीने माणसाला, प्रबळांनी दुर्बळाला द्यावयाची शिक्षा होती. शब्द एक, पण शस्त्राचे टोक अगदी उलट दिशेला. राजकारणात नवा अर्थ रूढ होऊनही जुना मेला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. १९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणीस प्रांतिक बहिष्कृत परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले. परदेशी कापडाच्या होळीपुढे उभे राहून ज्यांनी 'बहिष्कार' हा शब्द अभिमानाने उच्चारला, त्यांच्यापैकी कितीजणांना त्याच शब्दाचा हा दुसरा अर्थ ऐकू आला असेल, हा प्रश्न बोचणारा आहे.

दुसरा शब्द 'डिसअफेक्शन'. राजद्रोहाच्या कलमातला हा शब्द; मराठीत त्याला 'अप्रीती' म्हणतात. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करील तो गुन्हेगार, असा कायदा होता. पण अप्रीती म्हणजे काय? कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश पेथरम यांनी १८९१ साली 'बंगबासी' पत्राच्या खटल्यात सांगितले, की प्रीतीच्या विरुद्ध भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, ती अप्रीती. सहा वर्षांनी मुंबईस टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा न्या. स्ट्रॅची यांनी तिचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावून दाखविला. दोहोंत अंतर किती? दगडावर प्रेम नसणे आणि दगडाचा द्वेष करणे यांत जितके आहे तितके. पहिल्या अर्थाने गुन्हा घडण्यास मनात वैर पेरावे लागते. दुसऱ्या अर्थाने सरकारवर प्रेम करावयास न शिकविणाराही आत जातो. नऊ पंचांपैकी सहांनी दोषी ठरविले, तिघांनी निर्दोष. ते सहाही युरोपीय होते, आणि ज्या मराठी लेखनावर निर्णय द्यावयाचा ते त्यांना भाषांतरातूनच दिसत होते. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या मराठी वाचकाला या वादाचे नवल वाटू नये. आपल्याकडच्या वैयाकरणांनी नकारवाचक 'अ'चे सहा अर्थ सांगितले आहेत. त्यांत अभावही आहे आणि विरोधही. 'अज्ञान' म्हणजे ज्ञान नसणे. पण 'अधर्म' म्हणजे केवळ धर्म नसणे नव्हे, आणि 'अमित्र' म्हणजे अनोळखी नव्हे, शत्रू. एका अक्षराचा कोणता अर्थ न्यायाधीश निवडतो, यावर दीड वर्षाचा तुरुंगवास बेतला होता. या निकालाविरुद्ध लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे परवानगी मागण्यात आली, तेव्हा टिळकांच्या बाजूने स्ट्रॅचींच्या अर्थावर आक्षेप घेणारे वकील होते एच. एच. अॅस्क्विथ. परवानगी मिळाली नाही. १८९८ साली सरकारने कलमच दुरुस्त केले आणि अप्रीतीत राजनिष्ठेचा अभाव व वैराच्या सर्व भावना येतात असा खुलासा जोडून दिला.

१९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. त्यांचे भाषण एकवीस तास चालले. त्यातला मोठा भाग भाषांतराच्या चुकांवर होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. 'केसरी'च्या अग्रलेखांचे जे इंग्रजी पंचांपुढे होते ते मूळ मराठीशी प्रामाणिक नाही, हे दाखविण्यासाठी त्यांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. अडचण अशी होती, की राज्यकारभाराविषयीचे कितीतरी मराठी शब्द इंग्रजी कल्पनांसाठीच नव्याने घडविलेले. ते पुन्हा इंग्रजीत परतले, तेव्हा निघाले त्या रूपात परतले नाहीत. अधिक धारदार होऊन परतले. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि सहा वर्षांसाठी मंडालेस गेले.

या अनुभवानंतर बेळगाव येते. १९१६ च्या एप्रिल अखेरीस येथे मुंबई प्रांतिक परिषद भरली आणि २८ एप्रिलला होमरूल लीग स्थापन झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस. 'होमरूल' हा आयर्लंडचाच आणखी एक शब्द. आयझॅक बट यांच्या चळवळीपासून १८७० नंतर तो रूढ झाला होता. ग्लॅडस्टनने त्यासाठी दोन विधेयके आणली, आणि १९१४ साली कायदाही मंजूर होऊन युद्धामुळे तहकूब राहिला होता. तो मंजूर करणारे पंतप्रधान तेच अॅस्क्विथ. ज्या शब्दाला इंग्रजांच्या स्वतःच्या पार्लमेंटने कायदेशीर मानले, तो उच्चारणाऱ्याला राजद्रोही कसे म्हणता येईल? 'स्वराज्य' या शब्दाकडे सरकार संशयाने पाहत होते. 'होमरूल'कडे तसे पाहणे अवघड होते. दोन खटले सोसलेल्या माणसाने केलेली ही निवड आहे.

योगायोग असा, की ज्या आठवड्यात बेळगावात हा शब्द स्वीकारला गेला, त्याच आठवड्यात, २४ एप्रिलपासून, डब्लिनच्या रस्त्यांत ईस्टरचा उठाव पेटला होता. सनदशीर होमरूलवर विसंबून राहण्यास नकार देऊन त्या आयरिश तरुणांनी प्रजासत्ताकाची घोषणा केली. ज्या देशात शब्द जन्मला, तेथे त्याचा कस सरू लागला. आणि त्याच वेळी सहस्रावधी मैलांवर तो नव्याने चलनात आला.

१ मे रोजी टिळकांनी बेळगावात जे व्याख्यान दिले ते बव्हंशी शब्दांच्या अर्थाचेच विवेचन आहे. 'सरकार' म्हणजे कोण, हे त्यांनी सोडवून दाखविले: एक अदृश्य सरकार, दुसरे दृश्य; बदल हवा तो दुसऱ्यात, पहिल्याशी वैर नाही. वेदान्त ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना निर्गुण आणि सगुण यांतला भेद नवा नव्हता, त्यामुळे इंग्रजी घटनाशास्त्रातील एक बिकट कल्पना किराणा दुकानदारालाही सहज उमगली. महिनाअखेरीस अहमदनगरला त्यांनी 'परकी' या शब्दाची अशीच फोड केली. परकेपणा कातडीच्या रंगावर किंवा धर्मावर नसून हितसंबंधांवर असतो. ज्याचे हित या देशाच्या हिताशी जुळले तो परका नव्हे, असा त्यांचा आशय होता. सरकारचे लघुलेखक हे सारे टिपून घेत होते.

साठाव्या वाढदिवसाच्या सुमारास, जुलैत, नोटीस आली. बेळगावचे एक आणि अहमदनगरची दोन भाषणे पुढे करून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात टिळकांच्या बाजूने बॅ. जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटे शब्द वा तुटक वाक्ये उचलून नव्हे, तर भाषणे समग्र वाचून ऐकणाऱ्यांच्या मनावर त्यांचा एकंदर परिणाम काय होईल हे पाहावयाचे, अशी बॅचलरसाहेबांनी कसोटी लावली. मराठी भाषणाला इंग्रजी न्यायालयात मराठी श्रोत्याच्या कानाने तोलण्याचा प्रयत्न झाला, आणि मुचलक्याचा कागद फाटला.

आठ वर्षांनी, १९२४ च्या डिसेंबरात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले. टिळक तेव्हा हयात नव्हते, आणि 'होमरूल' हा शब्दही मागे पडून 'स्वराज्य' उघडपणे सर्वांच्या तोंडी आला होता. अधिवेशनासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत अद्याप आहे. मच्छेकडे जाणारी वाट त्याच बाजूने निघते.