सत्कार, शाल आणि २५ नंबरची जर्सी

आपल्याकडे सत्कार कसा होतो ते तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, एक मानपत्र (जे वाचणारा हमखास कुठल्यातरी जोडाक्षराला अडखळतो), आणि मग सत्काराला उत्तर. उत्तरात काय बोलायचं हेही ठरलेलं. मी या सन्मानाला पात्र नाही, हा माझा नसून तुमच्या प्रेमाचा सत्कार आहे, वगैरे वगैरे. पाच मिनिटांत आटपलं की चहा-बिस्किटं.

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलमध्येही असाच एक सत्कार असतो. खेळाडू फारच मोठा असेल तर त्याची जर्सी 'निवृत्त' करतात. सामन्याच्या दिवशी, भरल्या जिममध्ये, जुन्या खेळाडूला मैदानात बोलावतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात आणि त्याचा नंबर कायमचा वर टांगला जातो. तो नंबर पुढे कुणाला मिळत नाही. शालीपेक्षा ही कल्पना मला जास्त आवडते. शाल शेवटी कपाटातच जाते ना!

आज सांगायची आहे ती अशाच एका सत्काराची गोष्ट.

२१ फेब्रुवारी २००४, शनिवार. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर, तिथलं व्हँडरबिल्ट विद्यापीठ आणि त्यांचं मेमोरियल जिम. सत्कारमूर्ती पेरी वॉलेस. दोनच दिवसांपूर्वी त्यांना ५६ वर्षं पूर्ण झाली होती. वॉशिंग्टनमध्ये कायद्याचे प्राध्यापक. जर्सी नंबर २५. व्हँडरबिल्टसाठी शेवटचा सामना खेळले त्याला ३४ वर्षं होत आली होती.

आता कुणी म्हणेल, सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्यातलाच प्रकार असेल. पण तसं नव्हतं. उशिराचं कारण त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी घडलं. ते कळायला मात्र थोडं मागे जावं लागेल. आणि मागे गेलं की (तुम्हाला पटणार नाही, पण) वाटेत आपलं नागपूर लागतं!

जेम्स लॉसन नावाचा एक तरुण अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १९५३ ते ५६ नागपूरला होता. हिस्लॉप कॉलेजात. कोरियाच्या युद्धात सैन्यात जायला नकार दिला म्हणून अमेरिकेत तुरुंगवास भोगून आलेला हा कृष्णवर्णीय माणूस आपल्या पोरांना खेळ शिकवत होता आणि स्वतः गांधीजींचा सत्याग्रह समजून घेत होता. परत गेल्यावर त्याची गाठ मार्टिन ल्यूथर किंगशी पडली. किंग म्हणाले, दक्षिणेत या, आत्ताच या. लॉसन नॅशव्हिलला आला, व्हँडरबिल्टच्या धर्मशास्त्र शाखेत दाखल झाला आणि गावातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अहिंसेचे धडे देऊ लागला. कुणी अंगावर थुंकलं, सिगारेटचा चटका दिला तरी हात कसा उचलायचा नाही, याची चक्क तालीम! फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं शांतपणे जाऊन दुकानांतल्या 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या खाण्याच्या काउंटरांवर बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली. १० मे रोजी ते काउंटर सगळ्यांसाठी उघडले. आणि व्हँडरबिल्टने काय केलं? मार्च १९६० मध्येच लॉसनला विद्यापीठातून काढून टाकलं.

त्याच गावात तेव्हा बारा वर्षांचा पेरी वाढत होता. सहा भावंडांत धाकटा. वडील बांधकामावर, आई साफसफाईची कामं करणारी. काउंटरांवरचा तो सगळा प्रकार त्याने स्वतः पाहिला होता. पोरगा हुशार, ट्रम्पेट वाजवणारा, आणि उंच. इतका उंच आणि उड्या मारणारा, की चेंडू रिंगमध्ये टाकायचा नाही, वरून थेट कोंबायचा. त्याला डंक म्हणतात. पेरीची ती खासियत.

पर्ल हायस्कूल ही त्याची शाळा, फक्त कृष्णवर्णीय मुलांची. १९६६ साली टेनेसीत प्रथमच गोऱ्या आणि काळ्या शाळांची एकत्र राज्य स्पर्धा झाली. पर्लचा संघ एकही सामना न हरता जिंकला. तारीख १९ मार्च. योगायोग असा, की त्याच रात्री मेरीलँडमध्ये टेक्सस वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनी केंटकीच्या सगळ्या गोऱ्या संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यात हरवलं. त्या सामन्यावर पुढे हॉलीवुडने सिनेमाही काढला. पर्लवर कुणी नाही काढला.

पेरी शाळेत पहिला आलेला. पुष्कळ विद्यापीठं मागे लागली होती. त्याने गावातलंच व्हँडरबिल्ट निवडलं, अभियांत्रिकीसाठी. आणखी एक कारण होतं, जे आपल्याला लगेच कळेल. व्हँडरबिल्टचे प्रशिक्षक रॉय स्किनर घरी आले तेव्हा त्यांनी पेरीच्या आईवडिलांना 'मिस्टर' आणि 'मिसेस' वॉलेस म्हटलं. दक्षिणेत तेव्हा गोरा माणूस वयस्क काळ्या बाईलाही एकेरी नावानेच हाक मारायचा. आपल्याकडे 'अरे' आणि 'अहो' मध्ये केवढं अंतर असतं ते वेगळं सांगायला नको.

व्हँडरबिल्ट ज्या गटात खेळायचं त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये तेव्हा दहा विद्यापीठं होती. त्यांच्यापैकी एकाच्याही मुख्य बास्केटबॉल संघातून कृष्णवर्णीय खेळाडू कधी उतरलेला नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या काळी मुख्य संघात घेत नसत, त्यामुळे त्यांचा वेगळा संघ असे. त्या संघात पेरीबरोबर डेट्रॉइटहून आलेला गॉडफ्रे डिलार्ड हा दुसरा कृष्णवर्णीय मुलगा होता. दोघं मिसिसिपीत खेळायला गेले तेव्हा प्रेक्षकांच्या शिव्या आणि धमक्या इतक्या भयानक होत्या, की मध्यंतरात हे दोन अठरा-एकोणीस वर्षांचे धट्टेकट्टे तरुण एकमेकांचा हात घट्ट धरून बसले होते. हात गार पडले होते. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. (अँड्र्यू मॅरानिस यांचं 'स्ट्राँग इनसाइड', २०१४. मिळालं तर जरूर वाचा.)

पुढे गुडघ्याच्या दुखापतीनंतर डिलार्डने व्हँडरबिल्ट सोडलं. पेरी एकटा उरला. डिसेंबर १९६७ मध्ये तो मुख्य संघातून उतरला आणि कॉन्फरन्सच्या इतिहासातला पहिला ठरला. त्याच मोसमापासून कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर बंदी आली होती. बंदी मुख्यतः लू अल्सिंडरमुळे (म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार) आली असं म्हणतात, पण पेरीचंही मोठं हत्यार गेलं. पठ्ठ्याने बाहेरून नेम मारणं नव्याने शिकून घेतलं.

फेब्रुवारी १९६८, ऑक्सफर्ड, मिसिसिपी. तेच गाव, जिथे १९६२ मध्ये एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल होऊन दोन माणसं मेली होती. पहिल्या अर्धात पेरीच्या तोंडावर जोरदार फटका बसला, डोळा सुजला. पंचांनी फाउल दिला नाही. प्रेक्षक खूश! मध्यंतरानंतर बाकीचा संघ मैदानात गेला, पेरी मागे उपचार घेत राहिला. आणि मग त्याला त्या गर्दीसमोर दारातून एकट्यालाच बाहेर यावं लागलं. संघातलं कुणी थांबलं नव्हतं. पुढे आयुष्यभर त्यांना फटक्यापेक्षा ते दारामागचे क्षण जास्त आठवत राहिले. तो मात्र बाहेर आला आणि उत्तम खेळला.

तुम्ही म्हणाल, हे मिसिसिपीतलं झालं, स्वतःच्या विद्यापीठात तर सगळं बरं असेल? वरवर तसंच होतं. शेवटच्या वर्षी पेरी संघाचा कर्णधार होता. मुलांनी मतदान करून त्याला 'बॅचलर ऑफ अग्लिनेस' निवडलं. नावावर जाऊ नका, कॉलेजातल्या सर्वांत लोकप्रिय मुलाला मिळणारा तो मान होता. पण विद्यापीठाजवळच्या एका चर्चमध्ये तो जायचा, तिथल्या वडीलधाऱ्यांनी त्याला 'यापुढे येऊ नकोस' असं सांगितलं होतं. टाळ्या वाजवणारे हजारो, पण जेवताना शेजारी येऊन बसणारे फार थोडे.

७ मार्च १९७० ला शेवटचा सामना. २९ गुण, २७ रिबाउंड. आणि शेवटी एक डंक! बंदी असलेला, नियमाबाहेरचा. पंचांनीही तो गुण देऊन टाकला.

इथे गोष्ट संपली असती तर सत्कार लगेच पुढच्या वर्षीच झाला असता. पण दुसऱ्या दिवशी पेरीने 'टेनेसियन' या गावातल्या वर्तमानपत्राच्या फ्रँक सदरलंड या बातमीदाराला मुलाखत दिली आणि चार वर्षांत काय काय झालं ते सांगून टाकलं. आरडाओरडा नाही, कुणावर आग नाही. शांतपणे, मुद्देसूद. तुम्ही मला वाईट वागवलं असं तो म्हणत नव्हता, तुम्ही मला ओळखूनच घेतलं नाहीत असं म्हणत होता. लोक खवळले. एवढी शिष्यवृत्ती दिली, एवढं कौतुक केलं, आणि हा कृतघ्न! पेरीला ठाऊक होतं असंच होणार. पदवी घेऊन तो गाव सोडून गेला. १९७५ मध्ये कोलंबियातून कायद्याची पदवी, अमेरिकेच्या न्याय खात्यात नोकरी, मग प्राध्यापकी. नॅशव्हिलमध्ये त्याचं नाव बराच काळ फारसं निघत नसे.

तर मंडळी, चौतीस वर्षं लागली ती यासाठी. लोकांना खेळाडू हवा होता, साक्षीदार नको होता.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल.

बाबांचे एक जवळचे मित्र होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. विदर्भातल्या एका गावच्या शाळेत शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेले. शाळेच्या एका मोठ्या समारंभात माजी विद्यार्थी म्हणून त्यांचा सत्कार होता. शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्र झालं. काका उत्तराला उभे राहिले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "समोर ते खिडकीचं दार दिसतंय ना, त्याच्या बाहेर व्हरांड्यात बसून मी चौथीपर्यंत शिकलो. आत बसायची परवानगी नव्हती. तहान लागली तर शिपाई वरून ओंजळीत पाणी ओतायचा. गुरुजी मात्र चांगलं शिकवायचे, आवाज बाहेरपर्यंत यायचा." एवढंच. मग आभार मानून बसले. मांडवात कुणाला टाळी वाजवावी की नाही कळेना.

परतताना गाडीत बाबा, काका आणि मी. मी तेव्हा कॉलेजात, स्वतःला फार पुढारलेला समजणारा. मी म्हणालो, "काका, आजच्या दिवशी ते कशाला काढलंत? लोक एवढ्या प्रेमाने बोलावतात..."

काका माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "अरे, सत्कार माझा होता ना? मग मी नको का तिथे?"

बाबा काही बोलले नाहीत. मलाही तेव्हा ते नीट कळलं नाही, खरं सांगतो. वाटलं, काका जरा कडवट झालेत. पेरी वॉलेसची मुलाखत वाचून खवळलेल्या नॅशव्हिलकरांबद्दल वाचताना मात्र एकदम त्या गाडीतला माझाच आवाज ऐकू आला. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

वॉलेस यांचं म्हणणं असं होतं, की सत्य बाजूला ठेवून केलेला समेट म्हणजे नुसता अभिनय. म्हणून २००४ चा तो सोहळा मला महत्त्वाचा वाटतो. १,०१० गुण आणि ८९४ रिबाउंड, एवढ्यासाठी जर्सी टांगायची तर ती १९७० मध्येही टांगता आली असती. ३४ वर्षांनी टांगली ती मुलाखतीसकट. नंबर २५ वर गेला तेव्हा मिसिसिपीतलं ते दार, ते चर्च, ती एकट्याची जेवणं, सगळं त्याच्याबरोबर वर गेलं. पुढे व्हँडरबिल्टने नव्या विद्यार्थ्यांना मॅरानिस यांचं पुस्तक वाचायला दिलं, हे मला त्या टाळ्यांपेक्षा मोठं वाटतं. लॉसन यांनाही विद्यापीठाने २००६ मध्ये सन्मानाने शिकवायला परत बोलावलं.

वॉलेस १ डिसेंबर २०१७ ला गेले, ६९ व्या वर्षी. लॉसन २०२४ च्या जूनमध्ये, ९५ वर्षांचे होऊन. आमचे काका त्याआधीच गेले. त्यांना सांगायचं राहून गेलं, की काका, तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं. ते इथे लिहून ठेवतो आहे. त्यांची मुलं हा ब्लॉग अधूनमधून वाचतात.

असो.

ता. क. - नागपूरच्या मंडळींसाठी एक गृहपाठ. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा, मामा, काका १९५३ ते ५६ दरम्यान हिस्लॉपला असतील तर त्यांना लॉसन सरांबद्दल जरूर विचारा. आणि काही आठवण निघाली तर मला नक्की कळवा. अशी माणसं आता फार थोडी उरली असतील.