पोथी, छापील पुस्तक आणि पडदा : पाठ्यपुस्तकाच्या माध्यमांतराविषयीच्या अभिवृत्तींचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

उच्च शिक्षणातील ई-पाठ्यपुस्तकांविषयी जी नाराजी दिसते, तिचे स्पष्टीकरण बहुधा सवय किंवा तंत्रज्ञानाची भीती असे दिले जाते. नवी पिढी आली की ही नाराजी आपोआप मावळेल, असेही गृहीत धरले जाते. महाविद्यालयीन ग्रंथालयाची तरतूद मर्यादित असते. त्यातून छापील प्रती घ्याव्यात की वर्गणीवरील ई-संग्रह, हा निर्णय अशा गृहीतकावर सोडणे धोक्याचे आहे. महाराष्ट्रात पोथीकडून छापील ग्रंथाकडे झालेल्या संक्रमणाच्या प्रकाशात हे गृहीतक प्रस्तुत लेखात तपासले आहे.

छापील ग्रंथाविषयीचा संशय

गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. छपाईच्या शाईत चरबी असते या समजुतीमुळे छापील कागदाचा स्पर्श सोवळ्याला बाधक मानला जाई. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' (1863) या ग्रंथात या संकोचाची नोंद आहे. म्हणजेच तीन दशकांनंतरही त्याचा विसर पडलेला नव्हता.

हा संशय केवळ उपदेशाने दूर झाला नाही. चरबीऐवजी तूप वापरून केलेल्या शाईचे उल्लेख मुद्रणाच्या इतिहासात आढळतात. धार्मिक ग्रंथ पोथीसारख्या सुट्या, आडव्या पानांवर छापले गेले. शिळाछापामुळे हस्ताक्षराचे परिचित वळणही कायम राहिले. दुसरीकडे, सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या 'बाळमित्र' (1828) सारख्या पुस्तकांनी पोथीला अशक्य असलेली सोय करून दिली. वर्गातील प्रत्येकाच्या हाती एकच पाठ असलेली प्रत येऊ लागली. जावजी दादाजी यांनी 1869 मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्यात तर संस्कृत ग्रंथांचे शोधन व संपादन शास्त्रीमंडळींनीच केले.

या संक्रमणाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. पोथी कोणी वाचावी यावर जातीचे व परंपरेचे नियंत्रण होते. छापील प्रत मात्र किंमत देणाऱ्याच्या मालकीची झाली. ती उसनी देता येई, विकता येई, पुढच्या पिढीकडे सोपवता येई. सोवळ्याचा आक्षेप मागे पडला आणि वाचकाची मालकी टिकली, हे मुद्रणाचे खरे फलित होय.

ई-पाठ्यपुस्तकाविषयीचे आक्षेप

ई-पाठ्यपुस्तकाविषयीच्या आक्षेपांतही हे दोन स्तर आढळतात. पहिला वापराचा. 2009 मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टनसह काही शिक्षणसंस्थांत किंडल डीएक्स या वाचनयंत्राचा प्रयोग झाला. समासात टिपणे करणे आणि मागची-पुढची पाने चाळणे अवघड जाते, अशा तक्रारी त्यातून पुढे आल्या. त्याच वर्षी, अंध विद्यार्थ्यांना हे यंत्र स्वतंत्रपणे वापरता येत नाही या कारणावरून ॲरिझोना राज्य विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल झाला व 2010 मध्ये तो तडजोडीने मिटला.

पिढी बदलली की तक्रार संपेल, या अपेक्षेला संशोधनाचा आधार मिळत नाही. 2000 ते 2017 या काळातील 54 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील वाचकांची संख्या 1,70,000 हून अधिक होती. माहितीपर मजकुराचे आकलन कागदावर अधिक चांगले होते, वेळेचे बंधन असल्यास हा फरक वाढतो, आणि काळाच्या ओघात तो कमी न होता वाढलेला दिसतो, असे त्यात आढळले. कथात्म मजकुराबाबत मात्र असा फरक दिसला नाही. भारतासह पाच देशांतील 429 विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या 2017 मधील अभ्यासातही, एकाग्रता छापील मजकुरावर अधिक साधते असेच बहुसंख्यांचे मत होते.

दुसरा स्तर मालकीचा आहे. ॲमेझॉनने 2009 मध्ये जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या, विक्रेत्याकडे हक्क नसलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांवरून परस्पर काढून घेतल्या. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपले ई-पुस्तक विक्रीकेंद्र बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. वर्गणीवरील संग्रहाचेही असेच असते : वर्गणी थांबली की वाचनाचा अधिकार बहुधा संपतो.

मराठी माध्यमाचा संदर्भ

भारतात एन-लिस्ट योजनेमुळे 2010 पासून महाविद्यालयांना ई-साहित्य अल्प खर्चात उपलब्ध होऊ लागले. लहान गावातील महाविद्यालयाला जे छापील स्वरूपात विकत घेणे शक्य नव्हते, ते त्यामुळे वाचता आले. हा लाभ मोठा आहे. तथापि पदवी स्तरावर मराठीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यातील थोडेच येते. मराठी ई-पुस्तके अनेकदा पानांची केवळ छायाचित्रे असतात किंवा युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकलेली असतात. त्यांत शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या संगणकाला ती नीट वाचूनही दाखवता येत नाहीत.

निष्कर्ष

एकोणिसाव्या शतकातील मुद्रकांनी वाचकाच्या संशयाची दखल घेऊन आपल्या वस्तूत बदल केले आणि म्हणूनच ती स्वीकारली गेली. ई-पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत मात्र बदलण्याची अपेक्षा वाचकाकडूनच केली जाते. शिवाय मुद्रणाने वाचकाला दिलेली मालकी या संक्रमणात पुन्हा पुरवठादाराकडे जाण्याचा संभव आहे. ग्रंथालय समित्यांनी ई-संग्रह जरूर घ्यावेत. परंतु वर्गणी संपल्यावर काय उरते, टिपणे विद्यार्थ्याजवळ राहतात का आणि मजकूर युनिकोडमध्ये आहे का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत क्रमिक पुस्तकांच्या छापील प्रतींची खरेदी थांबवू नये.